कारंजा (घाडगे): वाघिणीची वाट आणि कुंपणाची तार

वर्धा जिल्ह्यातील बोर या 2014 साली घोषित झालेल्या व्याघ्रप्रकल्पाचे मुख्य (गाभा) क्षेत्र जेमतेम 138 चौरस किलोमीटरचे, म्हणजे देशातील सर्वांत लहान गाभा क्षेत्रांपैकी एक असून, एवढ्या जागेत मोजक्याच वाघांचा संचारप्रदेश, म्हणजे त्यांनी आपल्या वावरासाठी राखलेला मुलूख, सामावत असल्याने उरलेल्यांना शेते ओलांडून दुसरे जंगल शोधावे लागते. ब्रह्मपुरी भागात माणसांवरील हल्ल्यांनंतर पकडलेली एक वाघीण जुलै 2017 मध्ये रेडिओ कॉलर, म्हणजे ठरावीक अंतराने स्थान कळविणारा गळपट्टा, बांधून बोरमध्ये सोडण्यात आली; त्यानंतर तिने 76 दिवसांत 500 किलोमीटरहून अधिक वाटचाल केली आणि ऑक्टोबरमध्ये कारंजा (घाडगे) तालुक्यातील एका शेतात वीजप्रवाह सोडलेल्या कुंपणाला चिकटून ती मृत्युमुखी पडली.

अशी तार वाघासाठी नसते; रोही (नीलगायी) आणि रानडुकरे एका रात्रीत पीक लोळवतात, म्हणून ती लावली जाते, आणि शेतकऱ्याचे हे नुकसान खरेच असते. मात्र सौर कुंपणात विजेचा झटका क्षणभराचा व थांबूनथांबून येतो, त्यामुळे जनावर दचकून मागे फिरते. उलट थेट वाहिनीवरून आकडा टाकून घेतलेला प्रवाह अखंड असतो, स्नायू आखडून धरतो, सुटू देत नाही, आणि अंधारात तो वाघ, बैल व राखणदार यांत फरक करीत नाही.