दाढेचा पूल

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी या दिवशी कोणी लोणच्यामुरंब्यावर बोलते, कोणी मुलांच्या अभ्यासावर. मी यंदा माझ्या तोंडाविषयी बोलणार आहे. तसे माझ्या तोंडाविषयी आमच्या घरची मंडळी अधिक सांगू शकतील (हशा); पण मी बोलणार आहे ती तोंडातल्या एका दाढेविषयी.

चौदा वर्षांपूर्वी सुपारी फोडताना माझी डावीकडची खालची दाढ तडकली व ती काढावी लागली. थोरल्या मुलाचे लग्न तोंडावर आले होते. जखम भरली तशी मी दाताच्या डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले, "लग्नाच्या आत काहीतरी बसवून द्या." त्यांनी ब्रिज सुचवला. मी पैसे किती ते विचारले आणि हो म्हटले. साडी घेताना पदर उलगडून, काठ चोळून, रंग जाईल का हे दहादा विचारणारी मी. त्या दिवशी दुसरा प्रश्न म्हणून विचारला नाही.

ब्रिज म्हणजे पूलच. हातोड्याचा पूल झाला आणि आपला प्रकाशावरून नंदुरबारला जाण्याचा वळसा वाचला, हे आपण सगळ्या जाणतो. पण त्या पुलाचे खांब नव्याने उभारलेले आहेत. तोंडातल्या पुलाला खांब म्हणून आपलेच शेजारचे दोन दात लागतात. ते चारी बाजूंनी तासून बारीक करतात, त्यांच्यावर टोप्या चढवतात आणि त्या दोन टोप्यांना जोडून मधली खोटी दाढ येते. तासलेला दात पुन्हा वाढत नाही. माझे ते दोन्ही दात अगदी निरोगी होते. एका गेलेल्या दाढेपायी मी दोन धडधाकट दात तासून घेतले, हे मला फार उशिरा उमगले.

लग्न झाले, पंगती झाल्या, ब्रिजही छान चालला. सात-आठ वर्षांनी त्या बाजूला वास येऊ लागला. खोट्या दाढेखाली अन्न अडकते आणि तेथे नेहमीचा ब्रश पोहोचत नाही. बारीक ब्रश किंवा दोरा खालून ओवून रोज साफ करावे लागते. हे मला कोणी सांगितले नाही, मीही विचारले नाही. पुढचा खांब टोपीच्या आतून किडला होता. तो गेला. एकाच्या जागी आता दोन दात नाहीत.

दुसऱ्या वेळी मात्र मी घाई केली नाही. या वेळचे डॉक्टर क्ष-किरणाचे चित्र उजेडासमोर धरून म्हणाले, "काकू, आधी शेजारचे दात काय म्हणतात ते पाहू." तेव्हा मला कळले, की पाहायचे ते शेजारच्या दातांकडे, नुसत्या खिंडाराकडे पाहून उपयोग नाही. माझ्या जाऊबाईंचेच पाहा ना. त्यांच्या गेलेल्या दाढेच्या एका बाजूच्या दाताचे रूट कॅनाल झालेले, दुसऱ्यात मोठी चांदी भरलेली. त्या दोघांना टोप्या लागणारच होत्या. त्यांनी ब्रिज केला, तो योग्यच झाला. दहा वर्षे झाली, त्या दादरची भाकरी त्याच बाजूने खातात आणि मला चिडवतात.

शेजारचे दात निरोगी असले तर मात्र थांबून विचार करावा. हल्ली हाडात टायटॅनियमचा खुंट बसवून त्यावर दात चढवतात, त्याला इम्प्लांट म्हणतात. स्वीडनच्या ब्रॅनेमार्क यांनी १९६५ साली असे खुंट पहिल्यांदा एका माणसाच्या जबड्यात बसवले. यात शेजाऱ्यांना हात लागत नाही. पण खर्च अधिक, आणि हाड खुंटाला धरीपर्यंत बहुधा तीन ते सहा महिने जातात. मधुमेह ताब्यात नसेल तर जखम नीट भरत नाही. तंबाखूनेही काम बिघडते. मशेरी लावणाऱ्या मैत्रिणींनो, तुमच्याकडेच पाहून बोलते आहे, रागावू नका. तिसरा मार्ग काढघालीच्या दाताचा. तो स्वस्त, दात तासायला नको; पण रात्री काढून ठेवावा लागतो आणि सवय होईपर्यंत जीव नकोसा होतो.

काही न करता राहिले तर? अक्कलदाढ गेली तर बहुधा काहीच बसवावे लागत नाही. मधली दाढ गेली तर शेजारचे दात हळूहळू कलू शकतात, समोरची दाढ रिकाम्या जागेत उतरू शकते. मग पुढे काही बसवायला जागाच उरत नाही. म्हणून विचाराला महिना-दोन महिने घ्यावेत, दहा वर्षे घेऊ नयेत. खर्चाची अडचण असेल तर धुळ्याला दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ पुष्कळ जातो, पण खर्च बराच कमी येतो.

आता माझे. नवा लांब ब्रिज करायचा तर आणखी एक निरोगी दात तासावा लागला असता. त्याला मी नाही म्हटले. मागच्या तासलेल्या दाढेला नवी टोपी घातली आणि पुढच्या दोन दातांची काढघालीची कवळी घेतली. पहिले पंधरा दिवस ती तोंडात कमी आणि वाटीत जास्त असे. नातू ती वाटी पाहून घाबरला, नंतर मित्रांना बोलावून दाखवू लागला! माझी साखर वाढलेली आहे. ती खाली आली की इम्प्लांटचा विचार करू, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. तोवर पेढा बंद, म्हणून आजच्या प्रसादाचा माझा वाटा अध्यक्षबाईंनी घ्यावा.

ज्यांच्या तोंडात ब्रिज आहे त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे यावे. तो बारीक ब्रश मी पिशवीतून आणला आहे, कसा फिरवायचा ते दाखवते.