ताऱ्याचा स्फोट आणि आमची वही
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



अरुंधतीदर्शनाचा विधी आपणांपैकी बहुतेकांनी विवाहप्रसंगी उरकलेला आहे. ‘उरकलेला’ म्हणावयाचे कारण, तो बहुधा भरदिवसा मांडवाखालीच होतो! सप्तर्षींच्या शेपटीत वसिष्ठ व त्याला बिलगून ती अरुंधती. शेपटीच्या टोकास मरीची. वसिष्ठ व मरीची यांच्या पूर्वेस त्रिकोण कल्पावा. त्याच्या तिसऱ्या कोनापाशी, सुमारे २.१ कोटी प्रकाशवर्षे दूर, मेसिएच्या यादीतील १०१ क्रमांकाची सर्पिल दीर्घिका आहे. तिच्यात १९ मे २०२३ रोजी जपानमधील हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना एक अतिनवतारा दिसला. त्या वेळी तो सुमारे पंधराव्या प्रतीचा होता. चार-पाच दिवसांतच अकराव्या प्रतीपर्यंत उजळला.

२३ मे रोजी चतुर्थीची कोर मावळल्यावर आम्ही काही मंडळींनी कर्जतजवळच्या एका शेतात आठ इंची दुर्बीण लावली. दीर्घिका म्हणजे केवळ धुरकट भास; तारा मात्र टाचणीच्या टोकासारखा स्वच्छ! नकाशा हाती नसता, तर शेजारच्या ठिपक्यांतून तो आम्हांस मुळीच ओळखता आला नसता. मुले हिरमुसली, स्फोट म्हटल्यावर त्यांना दिवाळी अपेक्षित होती. एका वृद्ध गृहस्थांनी मात्र विचारले, “म्हणजे हा मरून दोन कोटी वर्षे झाली?” होय, तसेच.

सूर्याहून कित्येक पट जड असा तो तांबडा, फुगलेला तारा. गाभ्यातील इंधन संपताच गाभा स्वतःच्याच भाराने कोसळला आणि बाहेरचे थर उधळले गेले. हबल दुर्बिणीच्या जुन्या चित्रांत तो तारा धुळीने वेढलेला सापडला. लडाखातील हानले येथील आपल्या दोन मीटर व्यासाच्या दुर्बिणीनेही स्फोटानंतर त्याचे वर्णपट घेतले.

परंतु स्फोट नेमका केव्हा झाला? याचे उत्तर पुष्कळ अंशी हौशी मंडळींकडून मिळाले. शोधाच्या आदल्या व त्याच रात्री कित्येकांनी केवळ आवडीने या दीर्घिकेची छायाचित्रे घेतली होती व त्यांवर वेळ नोंदली होती. कोणात तारा नाही, कोणात अंधुक आहे. त्यांवरून स्फोटाची घटका काही तासांच्या आत आणता आली.

आमच्याजवळही वही होती, पेन्सिल होती. घरी येऊन पाहतो तो पान कोरे! थर्मासातील चहाचा हिशेब तेवढा शेवटच्या पानावर व्यवस्थित होता. चार दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हा वहीचे काम एका दहावीतल्या मुलीकडे सोपविले. तिने दुर्बिणीला डोळा लावण्याआधी घड्याळ पाहिले.