पिकावर रोग पडला आणि मी खूश झालो: एका अंतराळ-व्यापाऱ्याची कबुली

(हा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी. बोलताना जे 'म्हणजे', 'ॲक्चुअली' झालं ते थोडं कमी केलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज मी पुण्यातून नाही, कळंबहून बोलतोय. धाराशिवचं कळंब नाही हो, यवतमाळचं. चिंतामणी गणपतीचं. मागून मधेच ट्रॅक्टरचा आवाज येईल. कापसाचे दिवस आहेत, तर तो येणारच.

मागच्या भागानंतर दोन-तीन जणांनी विचारलं होतं की तू सारखं 'माझं जहाज', 'माझा माल' काय म्हणतोस? तर आज त्याबद्दल. गेमचं नाव एलीट डेंजरस. अंतराळात फिरायचं, शोध घ्यायचा, माल विकत घ्यायचा, दुसरीकडे नेऊन विकायचा. हजारो लोक एकाच आकाशगंगेत एकाच वेळी खेळतात. पण मला खरं बोलायचंय ते या गेममुळे माझं आणि बाबांचं कापसावरून काय झालं त्याबद्दल.

नोव्हेंबर २०२०. लॉकडाऊनमुळे कंपनीने घरून काम दिलं होतं आणि मी कळंबला आलो होतो. त्या महिन्यात एपिक गेम्स स्टोअरवर हा गेम आठवडाभर फुकट होता. फुकट म्हटल्यावर घेतला. आता गेम पंचवीस-तीस जीबीचा आणि माझ्याकडे दिवसाला २ जीबीचा मोबाइल डेटा. रोज रात्री बारा वाजायच्या आधी उरलेला डेटा आणि बारानंतर नवीन डेटा, असं करत दोन आठवड्यांवर वेळ गेला. लाइट गेली की डाउनलोड थांबायचं. गेम सुरू झाला तेव्हा कॉलेजच्या जुन्या लॅपटॉपचा पंखा असा ओरडायला लागला की आई म्हणाली, हे मशीन फुटते आता.

थोडं गेमबद्दल, कारण आपल्याकडे प्रोग्रामिंगवाले बरेच ऐकतात. मूळ एलीट १९८४ चा. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन पोरांनी बीबीसी मायक्रो या कॉम्प्युटरसाठी लिहिला, ज्याची मेमरी ३२ केबी होती. आज आपण ग्रुपवर 'शुभ सकाळ'चा फोटो टाकतो तो याहून मोठा असतो. त्यात त्यांनी आठ आकाशगंगा बसवल्या, प्रत्येकीत २५६ ग्रह. साठवल्या नाहीत, मोजून काढल्या. एक बीजसंख्या घ्यायची, तिच्यावर ठरलेलं गणित चालवायचं आणि प्रत्येक वेळी तोच ग्रह, तेच नाव, तोच बाजार तयार होतो. डिसेंबर २०१४ मध्ये ब्रेबेनच्याच कंपनीने एलीट डेंजरस आणला. त्यात आख्खी आपली आकाशगंगा आहे, सुमारे ४०० अब्ज तारामंडळं. जवळचे लाखाहून जास्त तारे खऱ्या खगोलीय याद्यांमधून घेतलेत, बाकीचे गणिताने. इतक्या वर्षांत सगळ्या खेळाडूंनी मिळून यातला एक टक्काही पाहिलेला नाही.

खरे तारे म्हणजे आपले नक्षत्रांचे तारेसुद्धा. मी एकदा आर्द्रेला गेलो, इंग्रजीत बीटलजूस. कितीतरी उड्या माराव्या लागल्या. समोर तो मोठाच्या मोठा लाल गोळा आला तेव्हा बाबांना हाक मारली. म्हटलं, बाबा, हा आर्द्रा. ते चष्मा लावून बघत राहिले. मग म्हणाले, "पाऊस हाय का तिथं?"

मला हसू आलं. पण त्यांच्यासाठी रोहिणी, मृग, आर्द्रा ही पेरणीची नावं आहेत, ताऱ्यांची नाहीत. आणि गंमत अशी की आर्द्रा नक्षत्र लागतं तेव्हा सूर्य त्याच दिशेला असतो, म्हणजे त्या दिवसांत तो तारा दिसतच नाही. त्यांनी आयुष्यभर ज्याच्या नावाने पाऊस मोजला तो तारा त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो माझ्या लॅपटॉपवर.

अजून एक. गेममध्ये आपल्याच सूर्यमालेत जायला परवाना लागतो. तिथल्या एका सत्तेची कामं करून हुद्दा मिळवावा लागतो, मग मिळतो. त्याच वर्षी पुण्याहून घरी यायला ई-पास काढलेल्या माणसाला हे फार ओळखीचं वाटलं.

असो. व्यापार.

सुरुवातीला एक छोटं जहाज मिळतं, साइडवाइंडर. त्यात चार-सहा टन माल बसतो, आपल्या पिकअपसारखं. एका स्थानकावर जे जास्त पिकतं किंवा बनतं ते स्वस्त, जिथे लागतं तिथे महाग. मधला फरक तुमचा. मुद्दा असा की साधारणपणे जिथे जहाज उतरवलं तिथलाच आजचा भाव नीट कळतो. पुढच्या स्थानकावर काय चाललंय ते तिथे गेल्यावरच. म्हणजे माहिती म्हणजेच पैसा.

यावर खेळाडूंनी काय केलं ते मला फार आवडतं. गेम तुमच्या कॉम्प्युटरवर एक नोंदवहीसारखी फाइल लिहीत असतो. एक छोटा प्रोग्राम ती वाचतो आणि तुम्ही उतरलात त्या बाजाराचे भाव सगळ्यांच्या सामायिक जाळ्यात पाठवतो. हजारो लोक हे फुकट करतात. मग इनारा नावाच्या साइटवर जाऊन विचारायचं, माझ्याकडे शंभर टन चांदी आहे, कुठे नेऊ? उत्तर तयार. फ्युएल रॅट्स म्हणून एक मंडळीही आहे. तुमचं इंधन दोन ताऱ्यांच्या मधेच संपलं तर ते कुठून कुठून येऊन इंधन देतात, एक पैसा न घेता. मला एकदा दिलंय. कोण होता, कुठल्या देशाचा, आजही माहीत नाही.

तर मी रोज रात्री इनारा बघायचो. डिसेंबरात एके रात्री एका मंडळाची अवस्था दिसली, 'ब्लाइट'. म्हणजे पिकांवर रोग. गेममध्ये दुष्काळ, साथ, युद्ध अशा अवस्था असतात आणि त्याप्रमाणे भाव हलतात. ब्लाइट असला की पिकांवरच्या औषधाचा भाव चढतो. मी जहाज भरून औषध नेलं, दोन-तीन फेऱ्या मारल्या. तोवरच्या सगळ्या व्यापारात मिळालं नव्हतं तेवढं एका रात्रीत मिळालं. मी ओरडलोच.

बाबा उठून आले. "काय झालं रे? लॉटरी लागली का तुले?"

मी उत्साहात सांगितलं. तिथे पिकावर रोग पडला, औषधाचा भाव वाढला, मी नेऊन विकलं.

ते थोडं थांबले आणि म्हणाले, "रोग त्याहिच्या पराटीवर पडला अन् खुश तू होऊन राह्यला? म्हंजे तू कृषी केंद्रवाला झाला म्हन." आणि झोपायला गेले.

ते चिडून बोलले नव्हते, गमतीतच बोलले. पण मला नंतर झोप लागेना. त्या वर्षी आमच्या कापसावर बोंडअळी होती. आणि २०१७ मी विसरलेलो नव्हतो. मी कॉलेजात होतो तेव्हा आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास कास्तकार आणि मजूर गेले. यवतमाळच्या दवाखान्यात वॉर्ड भरले होते. आमच्या ओळखीचा एक जण आठवडाभर डोळ्यांना नीट दिसत नाही म्हणून घरी बसून होता. आणि मी तीन वर्षांनी त्याच गोष्टीचा आकडा वर गेला म्हणून टाळी वाजवत होतो. गेमने मला वाईट माणूस केलं वगैरे म्हणणार नाही, तो गेमच आहे. पण मी कुठल्या बाजूला उभा राहून खेळतोय हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं. पडद्यावर 'सप्लाय' असा एक आकडा असतो. मी माल उचलला की कमी होतो, काही वेळाने आपोआप भरतो. तो भरतो कसा, कोण भरतं, हे गेममध्ये कुठेच नाही. आमच्या घरात तो आकडा बाबा आहेत.

यावर मी काय केलं? इंजिनिअर आहे, स्प्रेडशीट केली.

मला वाटलं, इनारासारखं कापसाचं करू. आजूबाजूच्या सात-आठ बाजारांचे भाव रोज एका शीटमध्ये. अंतर टाकलं, गाडीभाडं टाकलं, शीट सांगणार कुठे न्यायचं. आमच्याकडे बरेच जण खेडा खरेदीत देतात, म्हणजे व्यापारी दारात येऊन मोजून नेतो, भाव कमी देतो. मला ते चुकीचं वाटायचं. माहिती नसल्यामुळे हे लोक फसतात, असा माझा पक्का समज.

जानेवारीत शीटने सांगितलं की एका लांबच्या बाजारात क्विंटलमागे ४०० रुपये जास्त आहेत. बाजाराचं नाव घेत नाही, चूक माझीच होती. आमचा १८ क्विंटल कापूस. ७२०० जास्त मिळणार, ३५०० पिकअपचं भाडं, ३७०० निव्वळ फायदा. बाबा नको म्हणत होते. मी दोन दिवस मागे लागलो. शेवटी म्हणाले, "ने. पाहून घे तूच."

गेलो. रांग. आमचा नंबर त्या दिवशी आलाच नाही, रात्र गाडीतच काढली, ड्रायव्हरने दुसऱ्या दिवसाचे १५०० लावले. सकाळी माणूस आला, कापसात हात घातला, मुठीत दाबला, ओलावा जास्त म्हणाला. क्विंटलमागे २५० कमी. आता १८ क्विंटल परत कसे आणायचे? दिले. घरी येऊन हिशेब केला. जास्तीचे मिळाले २७०० आणि भाड्यात गेले ५०००. व्यापारी दारातून नेत होता, त्यापेक्षा २३०० चा तोटा, वर हमाली, वर माझी एक सुट्टी.

नंतर कळलं, सगळ्यात मोठी चूक शीटमध्येच होती. बाजार समित्या तीन दर देतात, किमान, कमाल आणि सर्वसाधारण. मी कमाल दर घेत होतो. तो त्या दिवशीच्या एखाद-दोन सगळ्यात चांगल्या गाड्यांना मिळालेला दर. गेममध्ये सोनं म्हणजे सोनं, सगळीकडे सारखं. त्याला ओलावा नसतो, फरदड नसते, पहिली वेचणी आणि तिसरी वेचणी नसते. सीसीआयसुद्धा ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की हमीभावातून कापते आणि १२ च्या वर घेतच नाही. आणि गेममध्ये रांग नसते हो. उतरायला परवानगी मागितली की मिनिटात मिळते.

बाबा काही बोलले नाहीत. आईच म्हणाली, जाऊ दे, पोराले अक्कल आली थोडी.

पुढच्या हंगामात, म्हणजे २०२१-२२ ला, कापूस दहा हजारांच्या वर गेला. आमचा तोवर विकून झाला होता. त्यामुळे २०२२-२३ ला आख्ख्या गावाने कापूस घरात ठेवला, आता तरी भाव येईल म्हणून. आम्हीही ठेवला. माझी शीटही तेच सांगत होती, 'थांबा'. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस, घरातल्या सगळ्यांच्या अंगाला खाज, उंदीर, आगीची भीती वेगळी. भाव आठ हजारांच्याही खाली आला. गेममध्ये तुम्ही कितीही थांबू शकता. माल जहाजात पडून राहतो, त्याचं वजन घटत नाही आणि कोणाच्या पीककर्जाची तारीख येत नाही. शीटला हे कसं कळणार? शीटला तर हेही कळलं नव्हतं की २०२५ च्या ऑगस्टमध्ये सरकार कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकेल, वेचणीच्या तोंडावर.

मी अजून खेळतो. या दिवाळीत आलो तेव्हाही लॅपटॉप घेऊन आलो. ब्लाइटच्या फेऱ्याही मारतो, सोडलेल्या नाहीत, उगाच खोटं कशाला सांगू. फक्त ओरडत नाही.

शीटही आहे. त्यातला 'सर्वात जास्त भाव' हा रकाना काढून टाकला, सर्वसाधारण दर ठेवला. ओलाव्याचा रकाना टाकला, रांग किती दिवसांची तेही. ते मी फोन करून विचारतो, आता गावातले चार-पाच जणही मला सांगतात, आपापल्या गाड्या नेऊन आले की. आमचं छोटं जाळं. बाबा व्हॉट्सॲपवर ती शीट उघडतात, पण भाव बघत नाहीत, तो त्यांना आधीच माहीत असतो. ते शेवटचा रकाना बघतात, जो त्यांनीच मला टाकायला लावला. चुकारा किती दिवसांत.

काल मी विचारलं, या वर्षी कुठे द्यायचा? त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरून तो रकाना वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, "दाराशीच देऊ. सोमवारी पैसे देतो म्हनते तो."