फरशीखालचे पाच मिलिमीटर



धाराशिव जिल्ह्यात कुणी घराचा पाया खणायला घेतला की येणारा-जाणारा एकच विचारतो, खाली काय लागलं? मुरूम लागला तर मालक निवांत. चार-पाच फूट खाली जाऊनही काळीच निघत असेल तर खर्चाचा आकडा मनातल्या मनात वाढायला लागतो. सोयाबीन आणि तूर पिकवणारी ही माती घराला मात्र सुखानं बसू देत नाही. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाचा हा गुण. वरची फरशी मग तिच्या मागं खाली-वर होते. मधोमध फुगवटा, भिंतीकडेला खळगा, आणि काही वर्षांत कपाटाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी.

मुंबईच्या आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांनी या मातीवर दीर्घकाळ काम केलं. न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारे मीटरभर थर काळीवर दाबून बसवला तर तिची उलाढाल आवरता येते, असं त्यांनी दाखवलं. ही पद्धत कालव्यांच्या कामात वापरली गेली आणि भारतीय मानकांतही आली. आपल्याकडचा गवंडी काळी उपसून मुरूम भरतो, पाणी मारून धुम्मसानं ठोकतो, तेव्हा त्याचाही रोख तिकडेच असतो.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे आता बाजारात मिळणारी सेल्फ लेव्हलिंगची गोणी. 'पाण्यात कालवा, ओता, जमीन आपोआप सपाट' असं तिच्याबद्दल बोललं जातं. ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण खालची जमीनच हलत असेल तर ही गोणी काही करू शकत नाही. ज्या कोब्याला भेग पडते, ती बुजवली की पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उघडते, तिथं आधी भरावाचा आणि पाण्याच्या निचऱ्याचा बंदोबस्त हवा. त्यावर महागडा माल ओतला तर भेग नव्या थरातूनही वर येते.

जुन्या माळवदाच्या घरांत जमीन सपाट करण्याचा प्रश्नच नव्हता. जमीन चोपलेल्या मातीची, शेणानं सारवलेली. खड्डा पडला की मुरूम टाकून पुन्हा सारवायचं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातली दगड-मातीची घरं कोसळली. त्यानंतर सास्तूर आणि आसपासच्या गावांत नवी घरं उभी राहिली, तेव्हा सिमेंट घरोघर पोचलं. शहाबादी फरशी तर शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातूनच येते. तिची जाडी सगळीकडे सारखी नसते, म्हणून खाली दीड-दोन इंच मालाचा थर घालायचा आणि हातोडीनं ठोकत लेव्हल आणायची. खालच्या जमिनीचा उंचसखलपणा त्या थरात जिरून जाई.

आज दुकानासाठी, दवाखान्यासाठी किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीसाठी जे निवडलं जातं, त्यात जिरवायला जागाच नाही. व्हिनाइलची चादर दोन मिलिमीटरची. खाली वाळूची कणी राहिली तरी वरून दिसते. लाकडी लॅमिनेटचा ताव खळग्यावर आला की चालताना कुरकुरतो. चार बाय दोन फुटांची टाइल जुन्या फरशीवर केमिकलनं चिकटवली आणि खालची जमीन फुगीर असली तर दोन टाइलच्या कडा वर-खाली राहतात, अनवाणी पायाला लागतात. अशा ठिकाणी ही गोणी कामाची. नेहमीची टाइल सिमेंटच्या मालात बसवायची असेल आणि गवंडी हाताचा चांगला असेल, तर तिच्यावर खर्च करण्यात हशील नाही. मोरी, न्हाणीघर, गच्ची इथं तर ती नकोच. तिथं पाण्याला ढाळ लागतो.

गोणी घेण्याआधी मापं घ्यावीत. त्यासाठी गवंड्याची पारदर्शक नळी पुरते. तिच्यात पाणी भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि चारही भिंतींवर जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीवर एका पातळीची खूण करायची. त्या खुणांवरून दोरी ताणून खाली ठिकठिकाणी टेप लावायचा आणि आलेला आकडा खडूनं तिथंच जमिनीवर लिहायचा. समजा, दाराशी १०० सेंटिमीटर, मधोमध ९९.४ आणि खिडकीखाली १०१.५ आले. म्हणजे खिडकीखाली मधल्यापेक्षा २१ मिलिमीटरचा खळगा. नेहमीच्या गोणीवर साधारण ३ ते १० मिलिमीटर जाडी लिहिलेली असते; एवढा खोल खळगा आधी सिमेंटच्या मालानं भरून, वाळवून घ्यावा लागतो किंवा जाड थराचा वेगळा प्रकार आणावा लागतो. दार उघडंमिटं होईल ना, उंबऱ्याशी पायरी उरेल ना, हेही त्याच वेळी पाहावं.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेत एक मिलिमीटर थराला साधारण पावणेदोन किलो पावडर लागते. दहा बाय बारा फुटांची खोली म्हणजे सव्वाअकरा चौरस मीटरच्या आत-बाहेर. पाच मिलिमीटर थराला शंभर किलोच्या आसपास, म्हणजे २५ किलोच्या चार गोण्या. माल कमी पडून दुसऱ्या दिवशी उरलेला कोपरा ओतला तर मधे सांधा दिसणारच, म्हणून एक गोणी जास्त असावी. विकत घेताना गोणीवर तयार केल्याची तारीख बघावी. माल सिमेंटचा आहे की जिप्समचा हेही विचारावं; ओल येणाऱ्या तळमजल्याला जिप्सम चालत नाही. ओल आहे का, हे कळायला दीड फुटाचा पॉलिथिनचा चौकोन चारी बाजूंनी टेपनं चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून थेंब धरले असतील तर काम थांबवावं.

आता जमीन. जुन्या कोब्यावरचं मेण, ऑइल पेंट, गुळगुळीत पॉलिश यावर माल धरत नाही. ते घासून खरवडावं लागतं. हातोडीच्या मागच्या टोकानं फरशी वाजवत जावं, बद्द आवाज आला तो तुकडा काढून टाकावा. झाडून, धूळ ओढून घेऊन प्रायमर मारायचा. 'पाणी शिंपडलं की झालं' म्हणून बरेच जण हे टाळतात आणि तिथंच फसतात. कोरडा कोबा ओतलेल्या मालातलं पाणी शोषून घेतो, त्याच्यातली हवा वर येते आणि पृष्ठभागावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं उमटतात.

कालवण्याचं काम दोघांनी करावं. बादलीत आधी मोजलेलं पाणी, मग पावडर. ड्रिलला लावलेल्या पात्यानं दोन-तीन मिनिटं घोटायचं. तयार माल बासुंदीसारखा दिसतो. पाणी गोणीवर लिहिलं असेल तेवढंच. इथं जुनी सवय आड येते. माल घट्ट वाटला की मग्गाभर पाणी टाकायचं, हा साध्या सिमेंटचा रिवाज. या पावडरीत सिमेंटचे कण एकमेकांपासून दूर ठेवणारी रसायनं असतात, म्हणून ती थोड्या पाण्यातच वाहते. वरून पाणी ओतलं की वाळू तळाशी बसते, वर पांढरट, नखानं खरवडली जाणारी साय येते. त्यावर चिकटवलेली व्हिनाइलची चादर त्या सायीसकट उपटून येते.

ओतल्यावर दातेरी फावड्यानं पसरायचं, मग काट्यांचा रोलर फिरवून हवा काढायची. हे सगळं पंधरा-वीस मिनिटांत. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात भाजेल असं येतं; त्या पाण्यात कालवलेला माल पसरवण्याआधीच आळतो. म्हणून पाणी रांजणातलं घ्यावं, काम पहाटे उरकावं, खिडक्या लावाव्यात आणि पंखा बंद ठेवावा. दुसऱ्या दिवशी सवयीनं पाणी मारायला जाऊ नये; बहुतेक गोण्यांच्या मालाला त्याची गरज नसते, फक्त ऊन आणि वारा टाळावा. तीन-चार तासांत पाय ठेवता येतो, टाइल साधारण दुसऱ्या दिवशी बसवता येते. व्हिनाइलला थर पुरता वाळेपर्यंत थांबावं लागतं.

बादलीच्या तळाशी उरलेला माल मात्र मोरीत ओतू नये. तो आपली पातळी शोधत पाइपात जातो आणि तिथंच दगड होऊन बसतो. जुन्या गोणीवर पसरून ठेवावा, संध्याकाळी वडीसारखा उचलून टाकता येतो.