गॉथिक अक्षराचें रूप व उपयोग
(ज्युबिलीनिमित्त सावेडी येथें दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या स्मरणार्थ देवळाच्या भिंतींत संगमरवरी शिला बसवावयाची आहे. तिच्यावर जुन्या प्रशस्तिपत्रांवर शोभतात तशीं काळीं, कोनदार गॉथिक इंग्रजी अक्षरें असावींत, अशी कित्येकांची इच्छा आहे. म्हणून त्या अक्षरांविषयीं थोडें बोलणें आम्हांस उचित वाटतें.

हें वळण लेखणींतून जन्मलें. युरोपांतील मठवासी लेखक रुंद टोकाची लेखणी तिरपी धरीत. त्यामुळें उभे दंड जाड, सांधे बारीक, आणि गोलाईच्या जागीं कोन येत. अक्षरें दाटीनें बसत, म्हणून महाग चर्मपत्रावर पुष्कळ मजकूर मावे. दुरून पान विणलेल्या वस्त्रासारखें दिसे. म्हणून यांतील एका प्रकारास ‘टेक्स्टुरा’, म्हणजे वीण, असें नांव आहे. गुटेनबर्गानें १४५५ च्या सुमारास मायन्झ येथें लॅटिन बायबल छापिलें तें याच वळणाच्या खिळ्यांनीं, कारण त्याच्या वाचकांस तेंच ओळखीचें होतें. पुढें इटलींत गोल रोमन अक्षर रूढ झालें. जर्मनींत मात्र ‘फ्राक्टुर’ हा गॉथिकचा प्रकार विसाव्या शतकापर्यंत चालला. १९४१ सालीं तेथील नाझी सरकारनें त्याचा वापर बंद करविला.

आतां हें अक्षर वर्तमानपत्रांच्या शिरोनामांत, पदवीपत्रांत व स्मारकांवर दिसतें. दोनचार शब्दांस तें भारदस्तपणा देतें; परंतु सबंध मजकूर त्यांत वाचणें कष्टाचें होतें, आणि सर्वच मोठीं अक्षरें योजिलीं तर शब्दहि ओळखत नाहीं. आपल्या वाडवडिलांच्या मोडी कागदांची गत तीच आहे: अक्षर सुंदर, पण वाचणारा विरळा.

येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांस ही अडचण वेगळ्या रीतीनें भोगावी लागली. या देशाच्या भाषेंत व या देशाच्याच अक्षरांत ग्रंथ छापावे, अशी इच्छा त्यांनीं १६०८ सालीं रोमला कळविली. युरोपांत २४ साचे पुरत. येथें सुमारें ६०० लागणार होते. ते झाले नाहींत, आणि १६१६ सालीं त्यांचें ख्रिस्तपुराण रोमन अक्षरांत निघालें. पुण्यास शांताराम बंडेलू यांनीं तें देवनागरींत प्रसिद्ध केलें तें १९५६ सालीं. मराठी ओवीस मराठी अक्षर मिळावयास ३४० वर्षें लागलीं!

आपल्यास तर आज कोणतीच अडचण नाहीं. म्हणून आमची सूचना अशी, कीं शिलेच्या माथ्यावर ‘देओ ग्रासियास’, देवाचे आभार, हे दोनच लॅटिन शब्द गॉथिक वळणांत कोरावे. खालीं दिवंगतांचीं नांवें व सर्व मजकूर ठळक बाळबोध मराठींत असावा. ज्या मातांनीं मोलमजुरींतून वर्गणी दिली, त्यांस आपल्या माणसाचें नांव बोटानें दाखवून वाचतां आलें पाहिजे. जें अक्षर त्यांस वाचतां येत नाहीं, तें कितीहि देखणें असलें तरी त्यांच्यासाठीं मुकेंच होय.