सदरहू आणि मजकूर



वाळवंटी नदीच्या काठी भरलेल्या, जाळ्यावरील माहितीच्या मांडणीविषयीच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिले आहे.

ज्या गावी आपण जमलो आहोत, त्याला मराठीत साखळी म्हणतात आणि पोर्तुगीज दप्तरात सांकेलिम. डिचोलीचे तेथे बिशोलिम होते, पेडण्याचे पेर्नेम. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत सावंतवाडीकरांचा हा मुलूख पोर्तुगीजांनी नव्याने जिंकलेल्या प्रदेशात, म्हणजे नव्या काबिजादीत, मोडू लागला, तेव्हा दप्तराची लिपी बदलली, भाषा बदलली, अंमलदार बदलले; गाव मात्र जागचे तसूभरही हलले नाही. वाचणाऱ्या माणसाला हे संदर्भाने उमगते, परंतु यंत्राच्या लेखी दोन नावे म्हणजे दोन गावे. म्हणून वस्तूला एक कायमचा पत्ता द्यावा आणि तिची सारी नावे हे तिचे गुण मानावेत, हा विचार मला मूलगामी वाटतो. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने फेब्रुवारी १९९९ मध्ये मान्य केलेल्या आरडीएफ या वर्णनचौकटीचा तोच पाया आहे. आणि त्याच्या मागे रामनाथन गुहा व टिम ब्रे यांनी १९९७ साली नेटस्केपसाठी एक्सएमएल या टॅगांच्या भाषेत मांडलेला आराखडा उभा आहे. वस्तू, गुण आणि मूल्य, या तीन पदांत प्रत्येक विधान बसते.

विचार इतका निर्मळ असता त्याचे लेखन मात्र क्लिष्ट झाले. विस्तार टाळावा म्हणून आरडीएफच्या एक्सएमएल वाक्यरचनेत संक्षेपाच्या सवलती दिल्या गेल्या: गुण स्वतंत्र टॅगात लिहावा, किंवा वस्तूच्याच टॅगात, नाव व मूल्य यांच्या जोडीच्या रूपात, अ‍ॅट्रिब्यूट म्हणून कोंबावा. परिणामी एकच विधान अनेक रूपांनी लिहिता येऊ लागले, आणि केवळ टॅगांची ठेवण पाहून चालणारी साधने गोंधळली. शिवाय एका टॅगात एका नावाचे अ‍ॅट्रिब्यूट एकदाच येऊ शकते. तेव्हा ज्या गावाला दोन भाषांत दोन नावे आहेत, त्याचे वर्णन या आखूड रूपात करू जाता एक नाव गळून पडते. अक्षरे वाचली आणि गाव अर्धे राहिले, याला लाघव कसे म्हणावे?

खरे लाघव आपल्या जुन्या कागदांत आहे. मोडी लिहिणारा कारकून गावाचे, परगण्याचे पूर्ण नाव आरंभी एकदाच लिही. पुढे ‘मौजे मजकूर’, ‘साल मजकूर’, ‘सदरहू’ एवढ्यावर भागे. जानेवारी १९९९ मध्ये मान्य झालेल्या एक्सएमएल नेमस्पेसच्या नियमात हीच युक्ती आहे: लांब पत्ता एकदा जाहीर करावा, पुढे दोन-तीन अक्षरांच्या उपसर्गाने काम चालवावे. भाषादर्शक खूणही अशीच, पाणिनीच्या अनुवृत्तीप्रमाणे (म्हणजे आधीच्या सूत्रातील पद पुढच्या सूत्रांत चालू राहते त्याप्रमाणे), बाहेरच्या टॅगावरून आतल्या सर्व मजकुराला लागू होते. सूत्रांत अनुवृत्ती कोठे थांबली हे ठरविण्यासाठी मात्र टीकाकारांना पिढ्यानपिढ्या झगडावे लागले. एक्सएमएलमध्ये मिटणारा टॅग तिची सीमा निर्विवादपणे दाखवितो, हा लाभ मी मोठा समजतो.

तेव्हा माझा आग्रह असा की, आपण ठरवू त्या वाक्यरचनेत एका विधानाला एकच रूप असावे. बाहेर वस्तूचा टॅग, आत गुणाचा, त्याच्या आत पुन्हा वस्तूचा, ही आडव्या पट्ट्यांसारखी ठेवण राखावी. अ‍ॅट्रिब्यूट केवळ पत्त्यासाठी आणि भाषेसाठी. टॅगांची नावे देवनागरीत असावीत. १९९८ च्या पहिल्या आवृत्तीपासून एक्सएमएलने ती मुभा दिलेली आहे, आणि तिचा वापर आपण फारच थोडा केला याची मला खंत वाटते.

दुपारच्या सत्रात एक प्रश्न आधी घ्यावा, अशी विनंती आहे: ‘तर्फ’ आणि ‘महाल’ हे जुने महसुली विभाग गावाचे गुण धरावयाचे की स्वतंत्र वस्तू? केवळ शब्द म्हणून लिहिले, तर त्यांच्याविषयी पुढे काहीच सांगता येणार नाही. वस्तू मानून पत्ता दिला, तर कोणत्या साली तर्फेत कोणती गावे होती, सीमा कोठवर होती, दप्तर कोणत्या लिपीत होते, हे सारे तिच्याच टॅगाखाली नोंदविता येईल. माझे मत दुसऱ्या बाजूला आहे. विरुद्ध पक्ष ऐकण्यास मी उत्सुक आहे.