राणीचा रोजगार

(हेमंत व्याख्यानमाला, आमेर. संक्रांतीच्या संध्याकाळी दिलेले व्याख्यान)

गच्च्यांवरून पतंग काटल्याचा जो गलका चाललाय, त्याच्याशी माझा आवाज स्पर्धा करू शकणार नाही. तेव्हा जरा पुढे सरकून बसा.

मराठी माणूस आमेरला आला की त्याला मिर्झाराजे जयसिंग आठवतात आणि १६६५ चा पुरंदरचा तह आठवतो. सकाळी ज्या शीशमहालात आपण माना वर करून उभे होतो, तो त्यांच्याच काळातला. मला मात्र तिथे अभिनेत्री दुर्गा खोटे आठवल्या. आमेरच्या राजा भारमलांच्या मुलीचं अकबराशी लग्न झालं १५६२ साली. तिचं नाव जोधा होतं की नव्हतं, हा वाद इतिहासकारांना लखलाभ. आपल्या मनात तिला चेहरा आहे तो १९६० च्या 'मुघल-ए-आझम'मधला, म्हणजे दुर्गाबाईंचा. आणि दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा, म्हणून आजच हा विषय घेतला.

मुंबईच्या सुखवस्तू लाड घराण्यातली ही मुलगी. कॅथीड्रल शाळा, मग सेंट झेवियर्स कॉलेज. सासर खोट्यांचं, तेही श्रीमंत. पुढे ती श्रीमंती ओसरली, तरुणपणीच वैधव्य आलं आणि बकुल व हरिन या दोन मुलांची जबाबदारी एकटीवर पडली. शिकलेल्या बाईला तेव्हा कमाईचे मार्ग किती होते? सिनेमा तर घरंदाज बाईने नावही घेऊ नये असा धंदा. 'फरेबी जाल' (१९३१) या चित्रपटात त्यांनी छोटंसं काम केलं, आणि त्या कामापेक्षा बदनामीच मोठी झाली.

इथे मी थोडा थांबतो. दुर्गाबाईंमुळे सिनेमाला प्रतिष्ठा आली, असं आपण भाषणांत सांगत असतो. खरं आहे. पण ती प्रतिष्ठा त्यांनी माहेर-सासरच्या अब्रूतून काढून दिली होती, आणि टोमणे ऐकले ते त्यांनी. सिनेमाला फायदा झाला तो फुकटात.

मग दिग्दर्शक शांताराम बापूंनी 'प्रभात' फिल्म कंपनीच्या 'अयोध्येचा राजा'साठी (१९३२) त्यांना कोल्हापूरला बोलावलं. भूमिका तारामतीची. राजवस्त्रं उतरवून बाजारात विकली जाणारी, परक्याच्या घरी राबणारी राणी! पार्श्वगायन तेव्हा नव्हतं. गोविंदराव टेंब्यांसारख्या मुरलेल्या गवयासमोर, कॅमेरा चालू असताना, स्वतःच्या गळ्यानं गायचं. त्या धीटपणाचं मला आजही नवल वाटतं. त्याच वर्षीच्या 'माया मच्छिंद्र'मध्ये त्या स्त्रीराज्याची राणी झाल्या आणि सोबतीला चित्ता.

त्या काळी नटनट्या स्टुडिओच्या पगारी नोकर असत. दुर्गाबाई कुणा एकाच्या झाल्या नाहीत. 'राजरानी मीरा' (१९३३), 'सीता' (१९३४) कलकत्त्याला, मग पुन्हा 'प्रभात'ला 'अमर ज्योती' (१९३६). याला बंडखोरी म्हणायची पद्धत आहे. मला त्यात हिशेबही दिसतो. ज्या बाईवर घर चालतं, ती एका मालकाच्या मर्जीवर विसंबून राहत नाही. हिशेबी बाईबद्दल आदर वाटायला आपल्याला अजून जड जातं, हे जाता जाता सांगतो.

नायिका सरली, आई सुरू झाली. 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई बघा: नवरा बादशहा, मुलगा बंडखोर, आणि हिच्या हाती काहीच नाही. दुर्गाबाई तिथे आकांत करत नाहीत. त्या ताठ उभ्या राहतात, फक्त नजर खाली येते. 'बिदाई'तल्या (१९७४) आईला फिल्मफेअर मिळालं, १९८३ साठी फाळके पुरस्कार मिळाला.

पण घरात काय झालं? हरिन अकाली गेला. मागे त्याची पत्नी विजया, म्हणजे नंतरच्या विजया मेहता, आणि दोन लहान मुलगे. सासूच्या वाट्याला जे आलं होतं, तेच सुनेच्या वाट्याला आलं. 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र वाचलं नसेल तर जरूर वाचा.

दुर्गाबाई २२ सप्टेंबर १९९१ ला गेल्या. त्याआधी दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सने दूरदर्शनला एक मालिका दिली होती, १९८८ साली. जोधाबाई, तारामती, कैक राण्या वठवलेल्या बाईंची ती संस्था, आणि नायक कोण? महिन्याच्या पगारात घर भागवताना मेटाकुटीला येणारा, आर. के. लक्ष्मण यांचा वागळे.